अकरा पांढरी कार्डं

नऊ वर्षांपूर्वी मला एका अनोळखी बाईचं पत्र आलं. त्याला मी उत्तर दिलं नाही. वेळ नव्हता असं म्हणायची सोय नाही. मी निवृत्त माणूस, एकटा, घरात पुस्तकं आणि एक स्टोव्ह. शब्द सुचले नाहीत असंही म्हणता येणार नाही. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी हयात गेली. उत्तराची सुरुवात मी निदान चाळीस वेळा केली असेल. 'आपलं पत्र मिळालं' इथपर्यंत यायचो आणि थांबायचो. तेवढं खरं होतं. त्याच्या पुढचं खरं वाक्य लिहायला हात धजत नव्हता.

पत्र मला पाठ आहे.

'माझे वडील वारले तेव्हा त्यांच्या खोलीत तुमच्या सहीची कार्डं सापडली. दहा पांढरी, तीन निळी. एका जुन्या तराजूच्या पारड्यात नीट रचून ठेवली होती. अकरावं पांढरं दाराच्या फटीत होतं. मी चार वर्षं बाबांशी बोलले नव्हते. तुम्ही मात्र दर गुरुवारी जात होता. पहिल्या तीन वेळा त्यांनी दार उघडलं नाही आणि मग उघडलं, हे अगदी बाबांसारखंच. डॉक्टर म्हणतात, झटका येऊन ते पडले, वाचा गेली असावी, आणि बराच वेळ तसेच पडून होते. एक दिवस असेल, दोन असतील, नक्की सांगता येत नाही. खालच्या मजल्यावरची इस्त्रीवाली सांगत सुटली आहे की बुधवारी संध्याकाळपासून वरून ठोकल्याचा आवाज येत होता, आणि शुक्रवारी सकाळी तिने घरमालकाच्या कारकुनाला दार उघडायला सांगितलं, पण त्याने ऐकलं नाही. कारकून म्हणतो, दाराखाली तुमचं कार्ड होतं, आदल्या दिवशी भेट झाल्याचं, मग उगाच कशाला उघडू? तुम्ही गुरुवारी बाबांना भेटलात, म्हणजे ती बाई खोटं बोलते आहे. मी तिला दफनाच्या वेळी सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलं आणि तिथून जायला सांगितलं. तुमचं कार्ड नसतं तर मला झोप लागली नसती. तुमचे आभार कसे मानू? दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. त्या गुरुवारी बाबा कसे होते? आणि माझ्याबद्दल कधी काही बोलले का? वाईट बोलले असले तरी कळवा.'

तिच्या वडिलांना मी कधी पाहिलेलंच नव्हतं. एकदाही नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक भेटमंडळ होतं. वाटेवर जखमी होऊन पडलेल्या माणसाच्या बायबलमधल्या गोष्टीवर पाळकसाहेबांनी एका रविवारी फार सुंदर उपदेश केला, त्यातून ते निघालं. आजारी, एकटे, म्हातारे अशांची यादी करायची, प्रत्येक सभासदाने एक-दोन नावं घ्यायची, आठवड्यातून एकदा जाऊन बसायचं, दोन शब्द बोलायचे, वाटलं तर प्रार्थना करायची. त्यासाठी कार्डं होती. पांढऱ्यावर छापलं होतं, 'आज आपली भेट झाली. प्रभू आपल्यासोबत असो.' निळ्यावर, 'आज येऊन गेलो, भेट झाली नाही. पुन्हा येईन.' प्रत्येक कार्डाचे दोन भाग. भेट झाली तर पांढऱ्याचा एक भाग त्या माणसाच्या हातात द्यायचा. नाही झाली तर निळ्याचा एक भाग दाराखालून सरकवायचा. उरलेला भाग रविवारी चिटणिसांच्या पेटीत. दोन्हींवर तारीख आणि सही. ही कार्डं आमच्याच छापखान्यात निघाली आणि त्यांचं मुद्रित मीच तपासलं. एकही चूक नव्हती.

मी त्या मंडळात असायचं काही कारण नव्हतं. दुकानदाराचं लक्ष नसेल तर त्याला दुसऱ्यांदा हाक मारायचीही मला लाज वाटते. मी तसाच घरी येतो. पण मुद्रितं द्यायला गेलो तेव्हा चिटणीस म्हणाले, "कार्डं तपासलीत, आता वापरूनही बघा की," आणि माझं नाव लिहून मोकळे झाले. नाही म्हणायचं तर तोंड उघडावं लागतं.

माझ्या वाट्याला काटेवाले आले. सगळे त्यांना याच नावाने ओळखायचे. दुकानांचे तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. बायको वारली, एकुलती मुलगी बापाला न पटलेल्या माणसाशी लग्न करून दुसऱ्या शहरात गेली, आणि त्यांनी चर्चला यायचं सोडलं. दुमजली इमारतीत वरच्या बाजूला एक खोली, खाली इस्त्रीवालीचं दुकान. लाकडी जिना, जिन्याच्या तोंडाशीच दार.

पहिल्या गुरुवारी चार वाजता मी दारावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली. इतकी हळू, की मलाच नीट ऐकू आली नाही. आतून आवाज आला, "कोण?"

मी कोण, हे दाराला कसं सांगायचं? भेटमंडळाचा, असं म्हणावं की मंडळीतला, की आपला शेजारी? मी वाक्य जुळवत राहिलो. जुळेपर्यंत आतून आवाज आला, "कोणी नको." मला एवढं हायसं वाटलं की सांगायला लाज वाटते. निळं कार्ड सरकवलं आणि जिना उतरलो.

तीन गुरुवार असे गेले. त्यानंतरच्या रविवारी बैठक होती. चिटणीस पेटीतली कार्डं मोठ्याने मोजत होते. मंडळीत मला वाळवी म्हणतात, पुस्तकांत राहतो आणि आवाज करत नाही म्हणून.

"वाळवींची तिसरी निळी," चिटणीस म्हणाले. "अहो, दार लाकडाचंच आहे ना? तुम्हाला तर आत शिरायला अडचण नसावी!"

सगळे हसले. मीही हसलो. पाळकसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "असू द्या हो, त्यांचा स्वभावच भिडस्त." ते मला चिटणिसांपेक्षा जास्त लागलं.

त्या गुरुवारी पुन्हा तसंच झालं. कोण, मग शांतता, मग कोणी नको. खिशात दोन्ही कार्डं होती. मी जिन्यावर उभं राहून विचार केला: ते बोलले, मी ऐकलं. दोन माणसं एका दाराच्या दोन बाजूंना होती. ही भेट नव्हे, असं कोण म्हणेल? मी पांढरं कार्ड काढलं, सही केली, सरकवलं. पुढच्या वेळी विचारही करावा लागला नाही. नंतर नंतर मी टकटक करायचं सोडून दिलं. जायचो, मिनिटभर उभा राहायचो, मनातल्या मनात छोटी प्रार्थना म्हणायचो आणि कार्ड सरकवून निघायचो. चिटणीस म्हणू लागले, "पाहिलंत? वाळवी शिरली आत."

शेवटच्या गुरुवारी मी दाराशी उभा होतो तेव्हा आतून ठक असा आवाज आला. लोखंड लाकडावर आपटल्यासारखा. थोड्या वेळाने आणखी एक. मग आणखी एक. मी मनात म्हटलं, काम चाललंय. वजनं उचलून ठेवतायत. बरंच झालं, कामातल्या माणसाला त्रास कशाला. मी कार्ड सरकवलं. कागद जमिनीवर घासल्याचा आवाज झाला असावा, कारण आत लगेच दोन आवाज झाले, भराभर, ठक ठक. मी जिना उतरलो. खाली इस्त्रीवाली दारात उभी राहून वर बघत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, काही विचारणार असं वाटलं, म्हणून मी मान खाली घालून पाय उचलला.

शनिवारी दार फोडलं. शुक्रवारी रात्री कधीतरी गेले असावेत, असं डॉक्टर म्हणाले. हाताशी दोन किलोचं लोखंडी वजन पडलेलं होतं आणि लाकडी जमिनीच्या एका फळीला खड्डा पडला होता. हे मला रविवारी उपासनेनंतर चिटणिसांकडून कळलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "निदान शेवटची भेट तुमची झाली. केवढं समाधान."

वाटेवरच्या जखमी माणसाला पाहून दोन धार्मिक माणसं बाजूने निघून गेली, ती गोष्ट मी त्यानंतर किती वेळा वाचली असेल. प्रत्येक वेळी एकच मनात यायचं. त्या दोघांनी निदान 'भेट झाली' असं लिहून तर ठेवलं नव्हतं.

महिन्याभराने ते पत्र आलं. पांढरं कार्ड हातात द्यायचं असतं, ते दाराच्या फटीत कसं सापडलं, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. किंवा तिला लक्षात येऊ द्यायचं नव्हतं. मी पत्र शब्दकोशात ठेवलं, भेटमंडळाला तब्येतीचं कारण सांगितलं, आणि एका सकाळी मन घट्ट करून इस्त्रीवालीकडे गेलो. मुलीला लिहिणं जमत नव्हतं; तिला तरी सांगावं.

ती खिडकीतूनच गिऱ्हाईक करायची. मोठी, रुंद खांद्यांची बाई, उजव्या मनगटावर भाजल्याचे जुने डाग.

"किती शर्ट?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं.

"शर्ट किती, काका? मागे माणसं उभी आहेत."

"उद्या... उद्या आणतो," मी म्हणालो.

नऊ वर्षं मी तिच्याकडे शर्ट नेत राहिलो. त्याआधी माझ्या अंगावर इस्त्रीचा कपडा कुणी पाहिला नव्हता. दर आठवड्याला चार शर्ट, आणि दर आठवड्याला, आज सांगू, असा निश्चय. चर्चमध्ये चिटणीस म्हणायचे, "वाळवीला कडक कांजी चढली, काय भानगड?"

ती मला ओळखत नव्हती. त्या दिवशी जिन्यावरून उतरणारा माणूस तिच्या लक्षात राहिला नसावा; मी राहण्यासारखा नाही. पण तिने एक नियम केला होता. प्रत्येक गिऱ्हाइकाचा पत्ता वहीत. तयार कपडे तीन दिवसांत कुणी नेले नाहीत तर ती स्वतः त्याच्या घरी जायची. लोक चेष्टा करायचे. एकदा माझ्यासमोरच एक शिंपी म्हणाला, "काय मावशी, कपडे पळून जातील म्हणून भीती, की गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाईक मरेल म्हणून," ती म्हणाली. शिंप्याचं हसू तोंडातच राहिलं. तो गेल्यावर ती इस्त्री फिरवता फिरवता माझ्याशी बोलली, म्हणजे शर्टाशीच. "वरती एक म्हातारा होता. ठोकत होता बिचारा. मला वाटतं, ठोकत होता. आता माझीच खात्री नाही. चर्चच्या माणसाने लिहून दिलं होतं, गुरुवारी धडधाकट भेटले म्हणून. शिकलेला माणूस, खोटं कशाला लिहील? मग मी दोन दिवस काय ऐकलं? माझी सून म्हणते, तुमच्या कानात वाफ गेलीय." ती हसली. मी शर्ट घेतले आणि निघालो. सांगायची तीच वेळ होती. माझ्या आयुष्यात सांगायच्या वेळा बऱ्याच आल्या.

या हिवाळ्यात मला ताप आला. आधी सर्दी, मग छातीत घरघर. चार दिवस मी अंथरुणातून उठून फक्त पाणी पीत होतो, आणि शेवटी शेवटी तेही नाही. कुणाला बोलवावं असं मनात येत होतं, पण कुणाला, आणि काय म्हणून? लोकांना आपली कामं असतात. एका दुपारी दार वाजलं. वाजलं म्हणजे कुणीतरी मुठीने बडवलं.

"काका! शर्ट मंगळवारपासून पडलेत!"

मी पडल्या पडल्या म्हणालो, "कोणी नको."

शब्द तोंडातून निघाले आणि मला घाम फुटला.

"नको तर नको," बाहेरून आवाज आला. "पण दार उघडा आणि तोंड दाखवून नको म्हणा. त्याशिवाय मी हलायची नाही. हलायची नाही म्हणजे नाही, मी खुर्ची मागवीन."

मी भिंतीला धरून दारापर्यंत गेलो. कडी काढली एवढं आठवतं.

पुढचे पाच दिवस ती येत राहिली. पहिल्या दिवशी तिने डॉक्टर आणला, माझी चादर बदलली, मला लहान मुलासारखं पुसून काढलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा म्हणाली, "लाजू नका, मी सगळ्या गावाचे कपडे बघते, माणसं त्याहून वेगळी नसतात." दूध गरम करून द्यायची. माझी पुस्तकं बघून म्हणाली, "एवढी वाचलीत? मग एवढे हडकुळे कसे?" जाताना दाराची कडी वरून बांधून ठेवायची, लागू नये म्हणून. तिला माझ्याकडून काही नको होतं. मी तिला नीटसं आवडतही नव्हतो, असं मला वाटतं. चार शर्ट आणि गप्प तोंड, कुणाला आवडेल? तरी येत होती.

सहाव्या दिवशी मी बसू शकलो. म्हणालो, "बाई, तो जाड शब्दकोश काढा. त्यात एक पत्र आहे. वाचा."

"माझं वाचन कसलं, अक्षर लावत बसते मी."

"लावा."

ती खिडकीजवळ स्टुलावर बसली. एकेका शब्दावर बोट ठेवून वाचू लागली, ओठ हलत होते. मी तिचं बोट बघत होतो. 'खालच्या मजल्यावरची इस्त्रीवाली' तिथे बोट थांबलं. मग पुढे सरकलं. 'खोटारडी' तिथे पुन्हा थांबलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. शेवटपर्यंत वाचून तिने पाकिटावरचं माझं नाव पाहिलं.

"तो तुम्ही?"

"हो."

"तुम्ही भेटला होता त्यांना गुरुवारी?"

"नाही. कधीच नाही. मी दाराबाहेर उभा होतो. आतून ठोकत होते. मला वाटलं, काम करतायत. मी कार्ड सरकवलं तेव्हा त्यांनी आणखी दोनदा ठोकलं. आणि मी निघून आलो."

घराबाहेर कुणीतरी बादली आपटली. तिने पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, गुडघ्यावर ठेवून तळहाताने सपाट केली, इस्त्री करावी तशी.

"म्हणजे मी वेडी नव्हते," ती म्हणाली.

"नव्हतात."

"नऊ वर्षं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "नऊ वर्षं मी आवाज आला की आधी स्वतःला विचारते, खरंच आला का? नातू रडला तरी. आणि तुम्ही दर आठवड्याला खिडकीशी उभे. चार शर्ट. कॉलरला कमी कांजी."

"मला सांगायचं होतं..."

"गप्प बसा." ती उठली, खिडकीशी गेली. पाठमोरीच बोलू लागली. "गुरुवारी सकाळी मीही वर गेले होते. हाका मारल्या, ओ आली नाही. वाटलं, रुसलाय, रुसला की दोन-दोन दिवस बोलायचा नाही. आणि शुक्रवारी कारकुनाने तुमचं कार्ड नाचवलं माझ्यासमोर. बघ, म्हणे, साहेबलोक भेटून गेलेत. मी म्हटलं, असेल बाबा. खाली आले. ठोकणं चालूच होतं. मी रेडिओ लावला. ऐकलंत? मी रेडिओ लावला."

मी रात्रंदिवस जे ओझं माझं एकट्याचं समजून बसलो होतो, त्याचा एक भाग ही बाई माझ्यामुळे उचलून चालत होती. आणि तरी लोकांची दारं बडवत फिरत होती.

मग मी विचारलं, "ते माझ्याबद्दल... कार्डांबद्दल कधी काही बोलले का?" विचारताना कळलं, मुलीने मला विचारलं तेच मी विचारतो आहे.

"बोलायचे की. मी कपडे द्यायला वर जायची. हसायचे. म्हणायचे, चर्चचा एक माणूस येतो, दाराबाहेर उभा राहतो आणि मला भेटून जातो. तो मला घाबरतो, मी त्याला घाबरतो, बरं जमलंय आमचं. पण गुरुवारी चार वाजायच्या आत दाढी करून बसायचे. मी एकदा म्हटलं, मग उघडा ना दार. म्हणाले, उघडीन, एखाद्या गुरुवारी तो पळायच्या आत उघडीन."

मी तोंड भिंतीकडे केलं. त्या खोलीत जमिनीवर पडून ते काय मोजत असतील ते मला दिसलं. बुधवारची रात्र, गुरुवारची सकाळ, दुपार. चार वाजता तो येईल. जिन्यावर पाऊल वाजलं तेव्हा त्यांनी वजन उचललं.

"मुलीबद्दल?" मी विचारलं.

"तिचं नाव काढायचे नाहीत. पण तो मोठा काटा होता ना, गोणी मोजायचा, त्याच्या मागच्या लाकडावर पेन्सिलने आकडे होते. एकाखाली एक. मी विचारलं, हा कसला हिशेब? म्हणाले, पोरीची वजनं. दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या दिवशी तिला त्या काट्यावर उभी करायचे, पहिल्या वर्षापासून. शेवटचा आकडा छप्पन्न. त्याच्याखाली रेघ ओढून ठेवली होती, पुढच्या आकड्यासाठी. धूळ पुसायचे रोज तेवढीच."

"हे तुम्ही तिला सांगितलं नाही?"

"कधी सांगू? खोटारडी म्हटल्यावर, की चल नीघ म्हटल्यावर?" ती वळली. "लिहा तिला."

"मला वाटायचं, तिला झोप लागते ते माझ्या कार्डामुळे. खरं कळलं तर..."

"तिची झोप माझ्या नावावर चाललीय, काका. आणि तुमची पण." तिने पत्र माझ्या पांघरुणावर ठेवलं. "वजनांचं लिहा. ते तिच्या बापाचं आहे, तिला मिळालं पाहिजे. ठोकण्याचं लिहा. रेडिओचंही लिहा. काही गाळू नका, तुम्हा शिकलेल्यांना गाळता फार चांगलं येतं."

दारापाशी जाऊन ती थांबली.

"उद्यापासून शर्ट माझ्याकडे आणू नका. मला तुमच्या कॉलरीला हात लावायचा नाही."

"बरं," मी म्हणालो.

"पण कोपऱ्यावरच्या पाववाल्याला मी सांगून ठेवते. तीन दिवस दिसला नाहीत तर मी येईन दार बडवायला. ते वेगळं."

त्या संध्याकाळी मी लिहायला बसलो. 'आपलं पत्र मिळालं' या वाक्यानंतर लिहिलं, 'मी आपल्या वडिलांना कधीही भेटलो नाही.' पुढचं मग आपोआप आलं असं नाही. तीन दिवस लागले. मी प्रत्येक वाक्यात सवयीने माझ्यासाठी जरा जागा करून ठेवत होतो, 'बहुधा', 'त्या वेळी मला वाटलं', 'स्वभावामुळे'. ती सगळी काढून टाकली. क्षमा मागितली नाही. ती मागितली की देण्याचं काम तिच्या अंगावर पडतं. दाराबाहेर मी किती वेळ उभा होतो, किती वेळा ठोकल्याचं ऐकलं, ते लिहिलं. ते चार वाजायच्या आत दाढी करून बसायचे, तेही लिहिलं. इस्त्रीवालीने सांगितलं ते सगळं, रेडिओसकट, आणि तिचा पत्ता. काट्यामागचे आकडे, शेवटचा छप्पन्न, खाली ओढलेली रेघ. काटा आता कुठे असेल कुणास ठाऊक, भंगारात गेला असेल. तेही लिहिलं.

कोपऱ्यावर टपालपेटी आहे. तिथे गेलो, पाकीट फटीपर्यंत नेलं आणि हात मागे घेतला. फटीतून सरकवून निघून यायचं मी बरंच केलं होतं. लांबच्या मोठ्या टपाल कचेरीत गेलो. रांग होती. माझा नंबर आला तेव्हा खिडकीतली मुलगी दुसरीकडे बघत होती. मी थांबलो. मग म्हणालो, "अहो ताई." तिने ऐकलं नाही. मी पुन्हा म्हणालो, मोठ्याने. मागची माणसं माझ्याकडे बघू लागली.

"हं, द्या. साधं की रजिस्टर?"

"रजिस्टर."

तिने पत्ता वाचला. नऊ वर्षांपूर्वीचा पत्ता. "या भागातल्या गल्ल्यांची नावं बदललीत आता. मिळेल का नाही, सांगता येत नाही हं, आजोबा."

"परत आलं तर नवा पत्ता शोधून पुन्हा टाकीन."

"पोच हवी?"

"हो," मी म्हणालो. "तिच्या हातात दिल्याची. तिची सही असलेली."

तिने पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.